ओळंब्याची मोरी

मिस्त्रींना सगळे मागून ओळंबा म्हणत. समोर म्हणायची कुणाची छाती नव्हती. ओळंबा म्हणजे दोरीच्या टोकाला बांधलेलं वजन. ते सोडून गवंडी बघतो, भिंत सरळ चढली की पोट काढून उभी राहिली. मिस्त्री माणसांनाही तसेच बघायचे. एक डोळा मिटून.

त्यांच्या हाताखाली मी घमेलं वाहिलं, गुडघ्यांनी साथ दिली तोवर. त्यांच्याकडे काम दोनदा व्हायचं. आम्ही करायचो, ते पाडायचे, मग पुन्हा करायचो. बिगारी बायका शिव्या घालायच्या. मीही घातल्या. पण त्यांनी बसवलेली दारं पावसाळ्यात अडायची नाहीत, आणि त्यांच्या फरशीवर पाणी ओतलं की ते मुकाट मोरीकडे चालू लागायचं. पाण्याला वळण लावावं तर मिस्त्रींनीच.

मग गोळीबार सुरू झाला. ती घरं गेली, आम्ही उरलो. सीमा ओलांडून छावणीत आलो. त्यांचा तंबू आणि माझा तंबू समोरासमोर मिळाला. याला नशीब म्हणायचं की भोग, ते तेव्हा ठरलं नव्हतं.

छावणीत गवंड्याला काम नसतं. तंबू कापडाचे, शाळा ताडपत्रीची, दवाखाना पत्र्याचा. मिस्त्री सकाळी उठून लोकांच्या तंबूंचे खांब सरळ करत फिरायचे. न विचारता. आमच्या ओळीत एक विणकरीण राहायची, दोन मुली आणि सासू घेऊन. तिचा खांब मिस्त्री सरळ करायला गेले आणि अख्खा तंबू सासूच्या अंगावर आला.

"मिस्त्री, वाकडा होता पण उभा होता हो!" विणकरीण ओरडली.

"वाकडं उभं राहतं ते पडायच्या तयारीनंच," मिस्त्री म्हणाले.

"मग पडेपर्यंत तरी राहू द्यायचं. आता सासूबाईंना बाहेर काढा."

मिस्त्रींनी सासूला काढलं आणि तंबू पुन्हा उभा केला. तो अजून सरळ आहे.

मिस्त्रींबरोबर त्यांची नात होती. वयात आलेली, पण अजून खेळताना धडपडणारी. तिचे आईबाप कामाच्या शोधात पुढे गेले होते. जम बसला की बोलावतो म्हणाले होते. तोवर आजोबा आणि नात. एका तंबूत एक म्हातारा आणि एक पोर, मध्ये टांगलेली चादर. पोरीला शाळेचं भारी वेड. ताडपत्रीखाली बसून मास्तरांना इतके प्रश्न विचारायची की मास्तरच सुट्टीची वाट बघायचे.

पण दर महिन्याला मधले काही दिवस ती शाळेत जायची नाही.

"काय झालं पोरीला?" मी विचारायची.

"डोकं दुखतं म्हणते," मिस्त्री म्हणायचे. "माझ्या बहिणीचंही दुखायचं."

मी ते ऐकून घेतलं. बाई असून ऐकून घेतलं. पाळी जाऊन इतकी वर्षं झालेली की ती गोष्ट माझ्या डोक्यातून पार गेली होती.

एकदा पोर तापानं फणफणली. मिस्त्री पाण्याच्या रांगेत होते. मी पेज घेऊन आत गेले. पोर पोटाशी पाय घेऊन पडलेली. अंथरूण सारखं करावं म्हणून मी गादीचा कोपरा उचलला, तर खाली कापडं. घड्या घातलेली, ओलसर, कुबट वासाची. पोरीनं तोंड भिंतीकडे केलं. भिंत म्हणजे कापडच.

"आजी, आजोबांना सांगू नका."

"कुठे धुतेस ही?"

"बादलीत. इथेच. अंधार पडला की पाणी मागे ओतते."

"आणि वाळतात कुठे?"

तिनं गादीकडे बोट केलं.

बांधकामावर आम्ही विटांच्या ढिगाआड कापडं टाकायचो. मान नव्हता, पण ऊन तरी होतं. इथे तंबूला तंबू खेटलेला. दोरीवर साधा रुमाल टाकला तरी कुणाला सर्दी झाली ते ओळीला कळतं. मदतीच्या गाडीतून पाकिटातल्या घड्या यायच्या, पण यायच्या तेव्हाच यायच्या. आणि वापरलेल्या टाकायच्या कुठे? उघड्या खड्ड्यात टाकल्या तर कुत्री ओढून वाटेवर आणायची. त्यापेक्षा कापड बरं, असं बायकांनी ठरवून टाकलं होतं.

पोरीला दवाखान्यात नेलं. नर्सबाई तरुण होती, पण बोलण्यात आडपडदा नाही. "खाज, जळजळ, ताप, सगळं ओल्या कापडानं. ही एकटी नाही, रोज कुणी ना कुणी येतं. गोळ्या देते, बरं वाटेल. पण पुढच्या महिन्यात तेच कापड तसंच वापरलं तर तेच होणार. आणि दर वेळी गोळ्यांवर भागेलच असं नाही. कापड स्वच्छ धुवायचं आणि कडक उन्हात वाळवायचं. दुसरं काही नको."

दुसरं काही नको म्हणे. जे नव्हतं तेच सांगितलं.

मिस्त्री तंबूबाहेर बसले होते. पोरगी आत झोपलेली. मी समोर बसले आणि म्हटलं, "मिस्त्री, पोरीला औषध नको, मोरी हवी."

"कसली मोरी?"

मी सांगितलं. आडून सांगायला मला येत नाही, घमेलं कधी आडून वाहिलं नाही. मिस्त्रींनी मान खाली घातली. त्यांचे कान लाल झाले. आता उठून जातील असं मला वाटलं. पण ते जमिनीवर काडीनं रेघा ओढत राहिले.

"ऊन किती वेळ लागेल?"

"दुपारभर."

"आडोसा?"

"पक्का. उंच."

"धुणं आतच?"

"आतच. आणि आतून कडी."

"बरं," ते म्हणाले आणि काडी टाकून उठले. त्या दिवसापासून त्यांनी खांब सरळ करणं सोडलं.

छावणीच्या मॅडमकडे आम्ही दोघं गेलो. मॅडमनी विचारलं, "काय बांधायचंय, आजोबा?"

"मोरी. बायकांची."

"आंघोळीची?"

"नाही."

पुढे काही नाही. मॅडम वाट बघतायत, मिस्त्री छताकडे बघतायत. "या बाई सांगतील," असं म्हणून ते बाहेर गेले आणि ऑफिसच्या दाराची बिजागरी तपासत उभे राहिले. मी सांगितलं. मॅडम म्हणाल्या, मी स्वतः वर कितीदा कळवलंय, सामान येत नाही. पण दवाखान्याच्या कामातल्या विटा आणि पत्रे उरलेत, थोडं सिमेंट आहे. ते न्या. टाकीमागची जागा घ्या.

"पण एक आहे," त्या म्हणाल्या. "नवीन कुटुंबं यायचीत, त्यांचं धान्य ठेवायला जागा नाही. मोरी वापरात असली तर मी भांडेन. रिकामी दिसली तर वरचे लोक तिथे पोती लावतील. मग माझं कुणी ऐकणार नाही."

"रिकामी कशाला राहील?" बाहेरून मिस्त्री म्हणाले.

काम सुरू झालं. माझे गुडघे कुरकुरले, पण घमेलं डोक्यावर आलं की मान आपोआप सरळ होते. मिस्त्रींनी मन लावून बांधलं. खाली विटांचा चौथरा, वर डोक्याच्याही वर जाणारा पत्रा. छत अर्धंच, बाकी अर्ध्यावर जाळी, म्हणजे ऊन सरळ दोऱ्यांवर पडेल. दारासमोर आतल्या बाजूनं एक आडवी भिंत, म्हणजे दार उघडलं तरी बाहेरच्याला नुसती भिंत दिसेल. बसून धुता येईल असे दगड. पोरींचा हात पोचेल अशा बुटक्या दोऱ्या. कडी त्यांनी ओल्या हातानं लावून बघितली, साबणाच्या हातानंही.

मग ते पाण्याच्या टाकीच्या शिडीवर चढले. टाकीवाला खालून ओरडला, "मिस्त्री, या वयात वर कशाला? काय बघताय?"

"तू काय बघशील ते."

खाली उतरून त्यांनी त्या बाजूचा पत्रा आणखी वर घेतला. टाकीवाला आठवडाभर रुसला होता. "आमच्यावर भरवसा नाही," म्हणायचा. मिस्त्री म्हणाले, "भरवसा आहे. पत्रापण आहे."

सगळ्यात शेवटी नाली. तिच्यावर त्यांनी जीव ओतला. अर्धगोल, नितळ, थापीच्या पाठीनं घोटून ताटासारखी चकचकीत केलेली. मोरीतून निघून जमिनीच्या उताराबरोबर मोठ्या गटाराला मिळणारी. सिमेंट वाळल्यावर मिस्त्रींनी आत तांब्याभर पाणी ओतलं आणि आम्ही दोघं त्या पाण्याबरोबर चालत गटारापर्यंत गेलो, लेकराला शाळेत पोचवायला जावं तसं. वाटेत ते कुठे थांबलं नाही, कुठे सांडलं नाही.

"झालं," मिस्त्री म्हणाले. एवढी मोठी शाबासकी मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती.

बायका बघायला आल्या. विणकरीण दोन्ही मुलींना घेऊन आली. दगडावरून हात फिरवला, कडी लावून बघितली, वर जाळीकडे बघितलं.

"महाल आहे हो," ती म्हणाली.

"मग ये की उद्यापासून."

"येऊ. सवडीनं."

सवड काही कुणाला होईना. दिवसामागून दिवस गेले, मोरी कोरडी ठणठणीत. दोऱ्यांवर चिमण्या बसायला लागल्या. मिस्त्री रोज सकाळी जायचे, बाहेरून दार वाजवायचे, कुणी नाही म्हटल्यावर आत जाऊन चूक शोधायचे. बिजागरी वाजते म्हणून तेल घातलं. दगड खरखरीत आहे म्हणून घासला. कडी एकच आहे म्हणून दुसरी लावली.

"बायकांना काय हवं ते देवालाही कळायचं नाही," ते एकदा चिडून म्हणाले.

"देवाला विचारलंत. बायकांना विचारा."

"तू बाईच ना?"

"मी म्हातारी. मला विचारून काय होणार?"

पण मी विचारत फिरले. जी ती म्हणाली, छान आहे, येऊ, बघू. जणू सगळ्यांच्या तोंडात मिठाची गुळणी. पोरीला विचारलं, तर ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत म्हणाली, "जाईन." तिचे दिवस आले आणि ती गेली नाही. पुन्हा गादी, पुन्हा ओल. ताप आला नाही एवढंच. तेही या वेळी नशीब म्हणून, असं नर्सबाई म्हणाली.

मॅडमही येऊन गेल्या. आत डोकावल्या, रिकाम्या दोऱ्या बघितल्या. "आजोबा, नवीन लोकांच्या गाड्या निघाल्यात," एवढंच बोलल्या. मिस्त्री दोऱ्यांवरच्या चिमण्या हाकलत राहिले. दुपारी जेवलेही नाहीत. पोर बिचारी दोनदा ताट झाकून ठेवून गेली.

मला वाटलं, लाज असेल. पहिली आत जाणारी कोण, एवढाच प्रश्न असेल. मग आपणच जावं. माझ्या वयाला कुणी काय बोलणार? छावणीत सगळ्यांना मिळालेली निळी चादर माझ्याकडे कोरीच घडी घालून पडली होती. ती घेतली, साबण घेतला आणि भर सकाळी, सगळ्यांच्या देखत मोरीत गेले.

छान होतं. खोटं कशाला बोलू? कडी लावली आणि बाहेरचं जग बाहेर राहिलं. छावणीत आल्यापासून मी पहिल्यांदा कुणाच्या नजरेबाहेर होते. चादर सावकाश धुतली. घासली, आपटली, पिळली. दोरीवर टाकली आणि मानानं बाहेर आले.

नळावर गलका चालला होता. मोठं गटार नळाच्या रांगेला लागूनच जातं. बादल्या त्याच्या काठावर ठेवलेल्या असतात. सगळी रांग वाकून गटारात बघत होती.

"काय मावशी," टाकीवाला ओरडला, "आज निळं धुतलंत वाटतं!"

मी खाली बघितलं. मिस्त्रींच्या त्या ताटासारख्या नालीतून निळंशार पाणी वाहत आलं होतं. ना कुठे थांबलेलं, ना कुठे सांडलेलं. सगळ्यांच्या पायांशी. कोऱ्या चादरीचा रंग पहिल्या धुण्यात सुटतो, हे मी विसरले होते.

रांगेतला एक जण म्हणाला, "उद्या हिरवं धुवा. बदल म्हणून."

पुरुष हसले. बायका हसल्या नाहीत. विणकरीण बादलीवर हात ठेवून माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघितलं आणि माझ्या हातातला साबण खाली पडला.

तिला बाजूला घेतलं. "अगं, मग सांगितलं का नाहीस?"

"कुणाला सांगू? मिस्त्रींना?" विणकरीण दबक्या आवाजात म्हणाली. "उन्हातान्हात एवढं बांधलं म्हाताऱ्यानं. त्यांच्या तोंडावर सांगू, की आमचं ते पाणी पुरुषांच्या बादल्यांशेजारून वाहतं? आत कोण गेलं ते दिसतं आणि कशाला गेलं ते मागून वाहत येतं. त्यापेक्षा गादीखाली बरं."

"मला तरी सांगायचं."

"तुम्ही त्यांच्याच. त्या नालीचं सिमेंट कुणी वाहिलं?"

 मीच वाहिलं होतं.

आता मिस्त्रींना सांगायचं होतं आणि पहिल्यांदाच माझी जीभ उचलेना. शेवटी म्हटलं, "मिस्त्री, बादली घ्या आणि रांगेत उभे राहा. गटाराकडे बघत."

"कशाला?"

"उभे राहा म्हणते ना."

मी मोरीत गेले. चादरीचा रंग अजून सुटत होता. पुन्हा भिजवली, पुन्हा पिळली. बाहेर आले तेव्हा मिस्त्री एक डोळा मिटून गटाराकडे बघत होते. निळं पाणी त्यांच्या वहाणेला लागून चाललं होतं. त्यांनी पाय मागे घेतला. मग दुसरा डोळा उघडला.

"ही चादर होती," मी म्हटलं.

"कळलं," ते म्हणाले.

बादली तिथेच ठेवून ते तंबूत गेले आणि छन्नी-हातोडा घेऊन आले. नाली फोडायला बसले. एवढी घोटलेली नाली, सहज फुटेना. ठिणग्या उडत होत्या. टाकीवाला धावत आला, "अहो मिस्त्री, चांगली आहे की! कशाला फोडताय?"

"उतार बघितला. उताराखाली कोण उभं असतं ते बघितलं नाही," मिस्त्री म्हणाले, आणि घाव घातला.

फोडणं सोपं होतं. जमीन नळाकडेच उतरते, तिला काय करणार? पाणी मागे न्यायचं तर आतली सगळी फरशी उचलून उलटा उतार द्यायचा. मागे शोषखड्डा खणायचा. म्हणजे खोल खड्डा, त्यात मोठे दगड, वर खडी, वर वाळू, वर झाकण. पाणी आतल्या आत मुरतं, बाहेर थेंब नाही. पण मागची जमीन कडक मुरमाची. मिस्त्रींनी पहार मारली की पहार टणकन वर यायची. आणि गाड्या निघालेल्या.

त्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही दोघंच होतो. खड्डा गुडघ्याएवढाही झाला नव्हता. मिस्त्री खाली बसले आणि उठेनात. मी फावडं हातात घेतलं, तर विणकरीण आली. पदर खोचलेला, हातात कुदळ. मागे तिच्या मुली. त्यांच्यामागे आणखी बायका. जेवायच्या थाळ्या, डबे, बादल्या, मिळेल ते घेऊन.  विणकरणीनं मिस्त्रींना म्हटलं, "उठा, बाजूला व्हा. तुम्ही फक्त सांगा."

"तुला जमणार नाही, मुरूम आहे."

"माझ्या सासूपेक्षा कडक आहे का?"

सासू मागे उभी होती. म्हणाली, "खण गं, खण. मग माझ्याकडे ये."

काम चाललं. मी बायकांना घमेलं उचलायला शिकवलं. कमरेनं उचलायचं नाही, गुडघ्यानं उचलायचं. मान ताठ, नजर पुढे. ज्या विणकरणीनं आयुष्यभर बसून काम केलं ती दुसऱ्या दिवशी मानेला हळद लावून आली, पण आली. ओढ्याची वाळू, दवाखान्यामागची खडी, फुटलेल्या विटा, सगळं रांगेनं येत होतं. पुरुषांना वाटलं संडासचा खड्डा आहे. आम्ही वाटू दिलं. टाकीवाल्याला मात्र राहवेना.

"काय, विहीर खणताय का?"

"तुझ्या तोंडाला झाकण करतोय," विणकरीण म्हणाली. "माप द्यायला खाली उतर."

पोर वाळू चाळत होती. आजोबांशी ती या गोष्टीवर एक अक्षर बोलली नव्हती, आणि आजोबाही. खड्डा भरत आला तेव्हा तिनं चाळणी खाली ठेवली आणि त्यांच्याकडे न बघता विचारलं, "आजोबा, वर झाकण घालणार ना?"

मिस्त्रींनी हात थांबवला. "घालणार. त्यावर माती. मातीवर गवत येईल."

"आणि वास?"

"वाळू ओढून घेते. नाही येणार."

"बरं," पोर म्हणाली आणि पुन्हा चाळायला लागली. मिस्त्री उगाच थापी पुसत राहिले.

फरशीचं सिमेंट ओलं असतानाच गाड्या आल्या. माणसं उतरली, बोचकी उतरली, आणि मागून धान्याची पोती. हमालांना मोरीचा पत्ता दिलेला. पहिलं पोतं पाठीवर घेऊन माणूस दारात आला, तर दारात विणकरीण फतकल मारून बसलेली.

"बाजूला हो बाई, पोती लावायचीत."

"आत ओलं आहे."

"कडेनं लावतो."

"पाय ठेवून तर बघ. आमचे मिस्त्री चुकलेलं पाडून पुन्हा बांधतात. तुझा पायही पाडून पुन्हा बांधतील."

हमाल मिस्त्रींकडे बघायला लागला. मिस्त्री एक डोळा मिटून त्याच्या पायाकडे बघत होते. तेवढ्यात मॅडम आल्या. उंबऱ्यावर विणकरीण, तिच्यामागे मातीनं माखलेल्या बायका, आत ओली फरशी. त्यांनी तोंडावर हात धरला, पण हसू आलंच.

"माझ्या ऑफिसात टाका पोती," त्या हमालांना म्हणाल्या. मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "फरशी वाळेपर्यंत. त्यानंतर मला दोऱ्या भरलेल्या दिसल्या पाहिजेत. नाहीतर मीच अडचणीत."

फरशी वाळेपर्यंत मॅडम पोत्यांवरून चढून खुर्चीत बसायच्या. मिस्त्री रोज फरशीवर पाणी शिंपडायचे. सिमेंट घाईनं वाळवलं की तडकतं, ते कुणासाठी घाई करणार नाहीत. माझा जीव टांगणीला. फरशी वाळेल, पण बायका येतील? एकदा मोडलेला विश्वास सिमेंटनं सांधला जात नाही.

पहिल्या सकाळी विणकरीण मोठ्या मुलीला घेऊन गेली. दार लागलं, कडीचा आवाज आला. मग दुसरी कडी. धुण्याचा आवाज आला. नळावरच्या बायका बादल्या भरत होत्या, पण एकीचीही नजर बादलीवर नव्हती. सगळ्या गटाराकडे चोरून बघत होत्या. टाकीवाला नळाच्या चावीशी झटत होता. त्याला काही पत्ता नव्हता. गटारात नळाखालचं सांडलेलं पाणी तेवढं होतं. मोरीच्या बाजूनं काहीही आलं नाही.

विणकरीण बाहेर आली. रांगेत माझ्या शेजारी उभी राहिली. मी मान हलवली. तिनं एवढा मोठा श्वास सोडला की पुढची बाई वळून बघायला लागली.

दुपारी दुसऱ्या गेल्या. दुसऱ्या दिवशी आत जायला थांबावं लागलं. नवीन आलेल्यांतली एक आई पोरीला घेऊन दबकत आली. तिची भाषा नीट कळेना. विणकरणीनं तिला हाताला धरून आत नेलं, दगड दाखवला, दोरी दाखवली, वरचं ऊन दाखवलं. त्या बाईनं तिथेच उभ्या उभ्या डोळे पुसले. नर्सबाई येऊन साबण ठेवून गेली. मॅडम आल्या, आत गेल्या, जाळीखाली ओळीनं वाळणारी कापडं बघितली आणि बाहेर आल्या. संध्याकाळच्या आत पोत्यांसाठी मैदानाच्या कडेला वेगळा तंबू उभा राहिला. त्याचा खांब वाकडा होता. मिस्त्री बघून आले, पण गेले नाहीत सरळ करायला. दमले होते.

राहिली ती पोर.

तिचे दिवस आले ते मला तिच्या चालण्यावरून कळलं. सकाळी ती तंबूतून निघाली. काखेत बोचकं, वर ओढणी, मान खाली. मिस्त्री आणि मी नळाच्या रांगेत होतो. मिस्त्रींनी तिला बघितलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं. ती मोरीच्या दारापाशी थांबली. मागे वळून बघितलं. मग आत गेली. कडी लागली.

रांग पुढे सरकत होती. आम्ही सरकलो नाही. मागची बाई म्हणाली, "मावशी, झोपलात का?" तिला पुढे जाऊ दिलं. आणखी कुणालातरी जाऊ दिलं. आत पाणी ओतल्याचा आवाज आला, मग पुन्हा. मिस्त्री जुन्या नालीच्या फुटक्या तोंडाकडे टक लावून होते. तिथे मुंग्यांची रांग चालली होती. कोरडी.

दार उघडलं. पोर बाहेर आली. काखेत बोचकं नव्हतं. कापडं आत होती, दोरीवर, इतर बायकांच्या कापडांशेजारी, उन्हात. आपली वस्तू तिथे सोडून ती मोकळ्या हातांनी चालत आमच्याजवळ आली.

"आजोबा, आलं का इकडे काही?"

"काही नाही," मिस्त्री म्हणाले.  "टिपूस नाही."

"मग मी शाळेत जाते. ऊन उतरायच्या आत येऊन काढते."

"कडक वाळली का बघून काढ. दमट असली तर राहू दे."

"हो, आजोबा."

ती निघाली. थोडं अंतर चालली आणि मग पळत सुटली, कारण घंटा झाली होती. मिस्त्री ती ताडपत्रीखाली शिरेपर्यंत बघत राहिले. मग त्यांनी खांदे खाली सोडले. इतक्या वर्षांत मी त्यांना खांदे सोडून उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

"बाई," ते मला म्हणाले, "बादली पुढे घे. आपला नंबर कधीचा गेला."